गोव्यातून आखातात इंग्रजी शिकवायला जाताना: आधी कागद, मग अर्ज, मग करार

आखाती देशांतील भारतीय अभ्यासक्रमाच्या बहुतेक शाळांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तर ब्रिटिश आणि अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळा ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये उघडतात. त्यामुळे भारतीय शाळांची भरती साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि इतर शाळांची जानेवारी ते मे या काळात चालते. एकदा निवड झाली की शाळेला शिक्षक थोड्याच आठवड्यांत वर्गावर हवा असतो. पदवी आणि बी.एड.च्या प्रमाणपत्रांवर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि काही देशांच्या बाबतीत त्यांच्या वकिलातीचे शिक्के मिळवायला मात्र त्याहून अधिक वेळ लागू शकतो. गोव्यातून या कामासाठी निघालेल्या शिक्षकांच्या हातून संधी निसटते ती बहुधा इथे. इंग्रजी कमी पडले म्हणून माघारी फिरलेले मी थोडे पाहिले आहेत, कागद वेळेवर झाले नाहीत म्हणून थांबलेले कितीतरी अधिक.

मी स्वतः त्यातलाच एक होतो. गोवा विद्यापीठाची बी.ए. आणि कोल्हापूरची बी.एड. अशा शिक्षणावर फोंडा तालुक्यातील एका हायस्कुलात लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासिकेमागे मिळणाऱ्या मानधनावर, शिकवत असताना मस्कतमधील एका भारतीय शाळेने माझी निवड केली. बी.एड.चे पदवी प्रमाणपत्र मी विद्यापीठातून काढलेच नव्हते, गुणपत्रिकेवर इतकी वर्षे निभावले होते. ते मिळेपर्यंत शाळेने दुसरा शिक्षक घेतला. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला तेव्हा फाइल तयार होती आणि मी गेलो. पुढील मजकूर त्या अनुभवातून आणि नंतर इथल्या तरुण शिक्षकांना मदत करताना जे समजले त्यातून लिहिला आहे.

आधी शाळेचा प्रकार ठरवावा

संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, ओमान, कतार, कुवेत आणि बहरीन या सहा देशांत इंग्रजी शिकवण्याचे काम ढोबळमानाने चार ठिकाणी मिळते. पहिले ठिकाण सीबीएसई किंवा आयसीएसई अभ्यासक्रमाच्या भारतीय शाळा. बहरीनची इंडियन स्कूल 1950 पासून चालू आहे, ओमानमध्ये देशभर पसरलेल्या भारतीय शाळांसाठी एक सामाईक संचालक मंडळ आहे, आणि दुबई व शारजात तर अशा शाळा गल्लोगल्ली आहेत. दुसरे ठिकाण ब्रिटिश, अमेरिकन किंवा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या खासगी शाळा, तिसरे प्रौढांना आणि कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या संस्था, आणि चौथे महाविद्यालये व विद्यापीठांचे पायाभूत वर्ग, जिथे पदव्युत्तर पदवी आणि अनुभव दोन्ही लागतात.

भारतीय पारपत्र असलेल्या, पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्या शिक्षकासाठी पहिले दार सर्वांत रुंद आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातील अनेक जाहिरातींत इंग्रजी ही मातृभाषा असलेल्यांचीच मागणी असते आणि तिचा व्यवहारातला अर्थ ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा दक्षिण आफ्रिकेचे पारपत्र असा घेतला जातो. ही अट अन्यायकारक आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पारपत्रावरून कोणाचे अध्यापन ठरत नाही. परंतु अट लिहिलेली असेल तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नये. जिथे ती लिहिलेली नाही आणि पात्रतेवर भर आहे, तिथे मात्र अवश्य करावा. विशेषतः भारतीय विद्यार्थ्यांची संख्या मोठी असलेल्या ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांत आपल्याकडचे अनुभवी शिक्षक घेतले जातात.

इथे गोव्यापुरती एक गोष्ट सांगणे गरजेचे आहे. 1961 पूर्वी जन्मलेल्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या नोंदीवरून पोर्तुगीज नागरिकत्व घेण्याचा विचार अनेक घरांत होतो आणि त्या पारपत्रावर आखातात चांगली नोकरी मिळेल अशी समजूतही ऐकू येते. इंग्रजी शिकवण्याच्या कामापुरते बोलायचे तर पोर्तुगाल हा इंग्रजी मातृभाषेचा देश नाही, त्यामुळे वर सांगितलेल्या अटीत ते पारपत्र बसत नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नसल्यामुळे भारतीय नागरिकत्व मात्र जाते. युरोपात स्थायिक व्हायचे असेल तर तो विचार वेगळा आहे. केवळ दुबईतल्या शाळेसाठी तो करू नये.

पात्रता

भारतीय शाळेतील इंग्रजी विषय शिक्षकासाठी इंग्रजी विषयासह पदवी आणि बी.एड. ही किमान अपेक्षा समजावी. अकरावी-बारावीसाठी इंग्रजीची एम.ए. मागतात. गोव्यातच बी.एड. करायची असेल तर पणजीची निर्मला इन्स्टिट्यूट आणि फोंड्याचे डॉ. दादा वैद्य महाविद्यालय ही जुनी, नावाजलेली केंद्रे आहेत. पदवी नियमित वर्गात बसून मिळवलेली असावी, कारण दूरस्थ शिक्षणाच्या पदव्यांना मान्यता मिळवताना आखातात अनेकांना अडचण आली आहे. ज्यांची पदवी दूरस्थ आहे त्यांनी अर्ज करतानाच शाळेला तसे स्पष्ट सांगून त्या देशाच्या शिक्षण खात्याचा सध्याचा नियम विचारून घ्यावा.

अमिरातीत शिक्षकाच्या नेमणुकीला शाळेबरोबर स्थानिक शिक्षण प्राधिकरणाचीही मंजुरी लागते. दुबईत ते काम केएचडीए पाहते, अबुधाबीत अडेक आणि शारजात स्पिया. पदवीचा विषय आणि शिकवायचा विषय जुळला पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष असतो. इतिहासाची बी.ए. आणि इंग्रजी पद्धतीची बी.एड. अशी जोडी आपल्याकडे चालून जाते. तिथे ती अडू शकते.

ज्यांना प्रौढांच्या संस्थांत काम हवे आहे त्यांनी इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाच्या, केंब्रिजच्या सेल्टा प्रमाणपत्राचा विचार करावा. त्यात किमान 120 तासांचा अभ्यास आणि प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर सहा तासांचे, निरीक्षकाने तपासलेले अध्यापन असते आणि तो आता ऑनलाइनही करता येतो. तेवढ्याच तासांचे जे टेफल, म्हणजे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचे, स्वस्त ऑनलाइन अभ्यासक्रम जाहिरातींत दिसतात त्यांत बहुधा हे प्रत्यक्ष अध्यापन नसते, आणि नेमके तेच नियोक्त्याला पाहायचे असते. भारतीय शाळेत जाणाऱ्याला सेल्टाची सक्ती नाही. तरीही त्यातून वर्ग चालवण्याची जी शिस्त लागते ती उपयोगी पडते, हे पुढे प्रात्यक्षिक पाठाविषयी लिहिताना स्पष्ट होईल.

अनुभव बहुतेक ठिकाणी किमान दोन वर्षांचा मागतात. गोव्यातील तरुण शिक्षकांचा अनुभव बऱ्याचदा लेक्चर बेसिसवरचा असतो आणि त्याचे पत्र मुख्याध्यापक दोन ओळींत देतात. तसे पत्र घेऊ नये. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या इयत्तांना, आठवड्याला किती तासिका, कोणता विषय, शाळा कोणत्या मंडळाशी संलग्न, हे सारे शाळेच्या लेटरहेडवर, शिक्का आणि सहीसह लिहून घ्यावे. अनुदानित शाळेत कायम असलेल्यांनी राजीनामा देण्यापूर्वी बिनपगारी रजेचा नियम शाळेच्या कार्यालयात आणि पर्वरीच्या शिक्षण संचालनालयात लेखी विचारावा. कायम नोकरी सोडून दोन वर्षांच्या कराराला जाणे हा मोठा निर्णय आहे आणि तो तोंडी आश्वासनावर घेऊ नये.

कागद

या कामाला अर्ज करण्याच्या किमान सहा महिने आधी लागावे.

सर्वांत आधी नाव. पारपत्र, दहावीचे प्रमाणपत्र, पदवी, बी.एड., अनुभवपत्र या सर्वांवरचे नाव रोमन लिपीत अक्षरशः एक आहे का ते एका टेबलावर सगळे कागद मांडून तपासावे. गोव्यात ही अडचण इतर ठिकाणांपेक्षा अधिक येते, कारण एकाच घरातील आडनावे एका पिढीत पोर्तुगीज वळणाने आणि दुसऱ्या पिढीत इंग्रजी वळणाने लिहिली गेली आहेत. कामत, नाईक, गावकर, बांदोडकर ही आडनावे दोन-तीन प्रकारच्या स्पेलिंगने सापडतात. कुठे वडिलांचे नाव मध्ये आहे, कुठे नाही, आणि विवाहानंतर बदललेले नाव केवळ पारपत्रावर आहे, अशीही उदाहरणे पुष्कळ. किरकोळ फरक असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र काही वेळा चालते. फरक मोठा असेल तर 1990 च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखाली रीतसर दुरुस्ती करून मग पारपत्र नवे करावे. विवाहानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांनी विवाह नोंदणीचा दाखला याच फाइलीत ठेवावा. पुढे कुटुंबाच्या व्हिसासाठीही तोच लागतो आणि त्यावरही तेच सारे शिक्के लागतात.

दुसरी गोष्ट मूळ पदवी प्रमाणपत्राची. गुणपत्रिका आणि तात्पुरते प्रमाणपत्र पुरत नाही. दीक्षान्त समारंभानंतर मिळणारे कायम प्रमाणपत्र लागते. ते काढलेले नसेल तर आजच विद्यापीठाकडे अर्ज करावा. मूळ प्रमाणपत्राला प्लास्टिकचे लॅमिनेशन केले असेल तर त्यावर शिक्का बसत नाही, म्हणून ते जपून काढून घ्यावे किंवा दुय्यम प्रत मागावी.

तिसरी गोष्ट अनेकांना ठाऊकच नसते. प्रमाणपत्रावर पहिला शिक्का ते ज्या राज्यात दिले गेले त्या राज्याचा लागतो, आपण राहतो त्या राज्याचा नव्हे. गोवा विद्यापीठ 1985 मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वी इथली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. आजही डिचोली, पेडणे, सत्तरीकडचे कितीतरी जण बी.एड.साठी कोल्हापूर, सावंतवाडी किंवा बेळगावला जातात. अशा शिक्षकाच्या बी.ए.वर गोव्याचा आणि बी.एड.वर महाराष्ट्राचा किंवा कर्नाटकचा शिक्का लागतो, म्हणजे दोन राज्यांत दोन स्वतंत्र फेऱ्या. त्यांनी सहा महिन्यांच्या हिशेबात आणखी दोन महिने धरावेत.

राज्याच्या शिक्क्यानंतर कागद परराष्ट्र मंत्रालयाकडे जातात. मंत्रालय व्यक्तीकडून थेट कागद घेत नाही. त्याने नेमलेल्या संस्थांमार्फत ते द्यावे लागतात आणि त्या संस्थांची नावे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असतात. यापुढची वाट देशागणिक बदलते. ओमान, बहरीन आणि सौदी अरेबिया हे देश अपोस्टील करारात, म्हणजे एकमेकांच्या कागदांवरचे एकच सरकारी प्रमाणन मानणाऱ्या देशांच्या करारात, आहेत, सौदी त्यात डिसेंबर 2022 पासून आला. त्यामुळे या तीन देशांसाठी मंत्रालयाचा अपोस्टील मिळाला की साक्षांकनाची साखळी तिथे संपते. अमिराती, कतार आणि कुवेत त्या करारात नाहीत, म्हणून तिथे जाणाऱ्या कागदांवर मंत्रालयाच्या साध्या साक्षांकनानंतर त्या देशाच्या दिल्लीतील वकिलातीचा किंवा मुंबईतील वाणिज्य दूतावासाचा शिक्का घ्यावा लागतो, आणि देशात पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचाही. सौदीसाठी अजूनही वकिलातीच्या शिक्क्याचे वेगळे पैसे मागणारा मध्यस्थ भेटला तर त्याला हा नियम दाखवावा. कोणत्या देशात जाणार हे ठरलेले नसेल तर राज्याचा शिक्का आधी घेऊन थांबणे शहाणपणाचे, कारण तो सगळ्यांना लागतोच.

पोलीस चारित्र्य दाखला मात्र सर्वांत शेवटी काढावा. तो पारपत्र सेवा केंद्रातून मिळतो, आणि नियोक्ते तो ताजा, साधारण तीन ते सहा महिन्यांच्या आतला मागतात. घाईने वर्षभर आधी काढलेला दाखला वाया जातो. पारपत्राची मुदत किमान दोन वर्षे शिल्लक असावी, म्हणजे पहिल्या कराराच्या मध्येच नूतनीकरणाची धावपळ होत नाही.

नोकरी शोधणे

पहिला मार्ग शाळांच्या स्वतःच्या संकेतस्थळांचा. दुबई, मस्कत, दोहा, मनामा अशा एकेका शहरातील भारतीय शाळांची यादी करून प्रत्येकीचे भरतीचे पान ऑक्टोबरपासून दर आठवड्याला पाहावे आणि अर्ज तिथूनच भरावा. हा मार्ग कंटाळवाणा आहे, परंतु सर्वांत सुरक्षित. दुसरा मार्ग लिंक्डइन, नोकरी गल्फ आणि ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांसाठी टीईएस यांसारख्या संकेतस्थळांचा. अनेक मोठ्या शाळा डिसेंबर-जानेवारीत मुंबईत, कोचीत किंवा बंगळूरात प्रत्यक्ष मुलाखतीही घेतात. गोव्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठता येते, तेव्हा ती संधी सोडू नये. तिसरा मार्ग ओळखीचा. आखातातील महाराष्ट्र मंडळांत आणि गोमंतकीयांच्या संघटनांत शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांना नोकरी मागू नये. शाळा पगार वेळेवर देते का, शिक्षक दरवर्षी सोडून जातात का, एवढेच विचारावे. ती माहिती कोणत्याही जाहिरातीत मिळत नाही.

चौथा मार्ग भरती एजंटचा, आणि इथे कायदा नीट समजून घ्यावा. 1983 च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटकडे भारत सरकारची नोंदणी असावी लागते. त्याचे नाव आणि नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो, आणि नोंदणी संपलेल्या किंवा बेकायदा एजंटांच्या याद्याही तिथेच असतात. नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही, आणि घेतलेल्या रकमेची पावती द्यावी लागते. अमिरातीच्या कामगार कायद्याप्रमाणे तर भरतीचा खर्च नियोक्त्यानेच करायचा असतो. व्हिसाच्या नावाने दीड-दोन लाख मागणारा, पावती नाकारणारा किंवा मूळ पारपत्र स्वतःकडे ठेवू पाहणारा माणूस भेटला तर तिथेच उठावे. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने मुंबईतील एका एजंटला सोन्याच्या बांगड्या गहाण ठेवून पैसे दिले. शाळा खरी होती, पण त्या शाळेला त्या एजंटची गंधवार्ताही नव्हती. ऑफर लेटर आले की त्यावरील क्रमांकावर फोन न करता शाळेच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर स्वतः फोन करून खात्री करावी. दहा मिनिटांचे हे काम तिने केले असते तर बांगड्या वाचल्या असत्या.

दहावी उत्तीर्ण असलेल्यांच्या पारपत्राला उत्प्रवास तपासणीची, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी परवाना घेण्याची, अट लागू होत नाही, त्यामुळे पदवीधर शिक्षकाला त्या परवान्याची गरज नसते. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत.

पर्यटक व्हिसावर जाऊन मुलाखती देणे चालते. त्या व्हिसावर वर्गात उभे राहणे हा गुन्हा आहे. अमिरातीने 2024 मध्ये अशा कामावर ठेवणाऱ्या मालकांचा दंड कमालीचा वाढवला आहे, पण भुर्दंड शेवटी शिक्षकालाही बसतोच. कामाचा परवाना येण्याआधी महिनाभर शिकवून बघा असे सांगणाऱ्या शाळेला नकार द्यावा.

मुलाखत आणि प्रात्यक्षिक पाठ

मराठी माध्यमातून शिकलेल्या आपल्या मुलांना इथे सर्वाधिक धास्ती वाटते, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने लिहितो. मुलाखत घेणाऱ्यांना परदेशी उच्चारांची नक्कल नको असते. त्यांना केरळच्या, पंजाबच्या, पाकिस्तानच्या, फिलिपिन्सच्या मुलांना सारखेच समजेल असे स्वच्छ इंग्रजी हवे असते. त्यासाठी चार ठिकाणी सराव करावा.

पहिले ठिकाण, 'व्ह' आणि 'व'. आपण 'व्हॅन' आणि 'वॉच' लिहिताना हा फरक नेमका करतो, बोलताना मात्र दोन्हींचा एकच ध्वनी होतो. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात ओठ गोल होतात. आरशासमोर आठ दिवसांत हे जमते. दुसरे, 'झू' आणि 'झीरो' यांतील ध्वनी. तो 'जीवन'मधल्या आपल्या ज सारखा टाळ्याशी अडत नाही, मधमाशीच्या गुणगुणण्यासारखा अखंड चालतो. तिसरे, ऱ्हस्व-दीर्घ. मराठीत शेवटचे इकार-उकार आपण सवयीने दीर्घ करतो, इंग्रजीत 'शिप' आणि 'शीप' हे दोन वेगळे शब्द आहेत. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आघात. मराठीत प्रत्येक अक्षराला जवळपास सारखे वजन मिळते. इंग्रजीत 'फोटोग्राफ'मध्ये ते पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर आणि 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर पडते. शब्दकोशात आघाताची खूण पाहण्याची सवय लावावी आणि रोज एक परिच्छेद वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकावा.

यापेक्षा मोठा बदल शिकवण्याच्या पद्धतीत करावा लागतो. आपल्या वर्गात अर्थ अडला की आपण मराठीत किंवा कोकणीत सांगतो आणि पुढे जातो. ते चुकीचे नाही, आपल्या मुलांना त्याचा लाभही होतो. आखाती वर्गात मात्र पाच-सहा मातृभाषांची मुले समोर असतात आणि हा आधार एका दिवसात नाहीसा होतो. माझ्या पहिल्या आठवड्यात मला हीच गोष्ट सर्वांत जड गेली. म्हणून प्रात्यक्षिक पाठाची तयारी करताना एक नियम स्वतःला घालून घ्यावा: कोणत्याही शब्दाचा अर्थ भाषांतराने सांगायचा नाही. चित्र, कृती, प्रसंग किंवा फळ्यावरची कालरेषा यांतून तो पोहोचवायचा. समजा, पूर्वीची पण आता नसलेली सवय सांगणारी 'यूज्ड टू' ही रचना शिकवायची आहे. फळ्यावर एक आडवी रेषा काढावी, मागे शाळकरी मुलगा फेरीबोटीतून शाळेत जाताना दाखवावा, पुढे तोच माणूस पुलावरून गाडीने जाताना. मग प्रश्न विचारावेत: तो पूर्वी फेरीने जात होता का, एकदाच की रोज, आज जातो का. तिन्ही उत्तरे बरोबर आली तर अर्थ पोहोचला. 'समजले का' हा प्रश्न विचारू नये, कारण मुले नेहमीच हो म्हणतात. सेल्टाच्या अभ्यासक्रमात अर्थ तपासण्याच्या अशा प्रश्नांवर फार भर असतो, तो याच कारणामुळे.

पाठ वीस मिनिटांचा असेल तर स्वतःचे बोलणे आठ मिनिटांवर जाऊ देऊ नये. उरलेला वेळ मुलांना जोडीत बोलायला द्यावा आणि आपण बाकांमधून फिरत ऐकावे. निरीक्षक तेच पाहतात. शिवाय बालसुरक्षेवर एखादा प्रश्न हमखास येतो: मुलाने घरी मार बसत असल्याचे तुम्हाला एकट्याला सांगितले तर काय कराल? गुप्त ठेवण्याचे वचन न देता, मुलाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत नोंदवून, त्याच दिवशी शाळेने नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवेन, असे उत्तर अपेक्षित असते.

करार वाचणे

सर्वप्रथम चलन ओळखावे. रियाल हे नाव तीन देशांत आहे आणि किमतीत आकाशपाताळाचा फरक आहे. 1 ओमानी रियाल म्हणजे सुमारे 2.60 अमेरिकन डॉलर. उलट 1 डॉलरला 3.64 कतारी रियाल, 3.75 सौदी रियाल आणि 3.6725 अमिराती दिरहॅम पडतात. बहरीनचा दिनार 2.66 डॉलरच्या आसपास असतो. ही पाचही चलने डॉलरला बांधलेली आहेत, कुवेती दिनार अनेक चलनांच्या समूहाला. म्हणजे 300 ओमानी रियालांचा पगार 2,500 सौदी रियालांपेक्षा मोठा आहे, जरी आकडा लहान दिसत असला तरी.

नंतर मूळ पगार आणि भत्ते वेगळे करून पाहावेत. अमिरातीत नोकरी सोडताना मिळणारी उपदानाची रक्कम केवळ मूळ पगारावर मोजतात: एक वर्ष पूर्ण झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी 21 दिवसांचा आणि पुढे 30 दिवसांचा मूळ पगार. उदाहरणादाखल दोन शाळा प्रत्येकी एकूण 5,000 दिरहॅम देतात असे समजू. पहिलीत मूळ पगार 4,500 आहे, दुसरीत 2,500. चार वर्षांनी पहिली शाळा 12,600 दिरहॅम उपदान देईल आणि दुसरी 7,000. सौदीत पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी अर्धा महिना आणि पुढे एक महिना असा हिशेब आहे. मात्र स्वतः राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत काही मिळत नाही, पाच वर्षांपर्यंत एक तृतीयांश आणि दहापर्यंत दोन तृतीयांश मिळते. सौदीच्या करारात पहिल्या दोन वर्षांत सोडण्याची पाळी येऊ नये इतकी शाळेची चौकशी आधीच करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

घर हा सर्वांत मोठा खर्च आहे. शाळा घर देते, घरभाडे देते, की पगारातच धरते, हे लेखी असावे. सामायिक खोली असेल तर किती जणांची तेही. त्याचप्रमाणे उन्हाळी सुट्टीच्या दोन महिन्यांचा पगार, वर्षातून एकदा येण्याजाण्याचे विमानभाडे, आरोग्य विमा, स्वतःच्या मुलांच्या फीतील सवलत आणि आठवड्याच्या तासिका यांचा उल्लेख शोधावा. नसेल तर ई-मेलने विचारून उत्तर ई-मेलनेच घ्यावे. पतीच्या किंवा पत्नीच्या व्हिसावर आधीच तिथे असलेल्या शिक्षकांना स्थानिक नेमणूक मिळते आणि तिच्यात घर व तिकीट सहसा नसते, म्हणून त्यांच्या पगाराशी आपल्या पगाराची थेट तुलना करू नये. अमिरातीत परिविक्षा काळ सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही आणि पारपत्र नियोक्त्याने ठेवून घेणे बेकायदा आहे.

करार मध्येच सोडल्यास शाळा किती रक्कम वसूल करणार, हे कलम बहुधा शेवटच्या पानावर असते. आधी तेच वाचावे.

व्हिसा आणि प्रस्थान

व्हिसाची प्रक्रिया शाळा करते, उमेदवाराने वेळेवर कागद पुरवायचे असतात. सौदी, ओमान, कुवेत आणि बहरीनसाठी जाण्यापूर्वी आखाती देशांच्या वाफिद या ऑनलाइन नोंदणी यंत्रणेतून मान्यताप्राप्त केंद्रात वैद्यकीय तपासणी करावी लागते. कतारसाठी मुंबईच्या कतार व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे, तपासणी आणि कराराची सही एकाच ठिकाणी होते. अमिरातीची तपासणी तिथे पोहोचल्यावर होते. छातीच्या एक्स-रेमध्ये जुन्या क्षयाचा डाग दिसला तरी अडचण येते, म्हणून ज्यांना तो कधी झाला असेल त्यांनी राजीनामा देण्याआधीच छातीच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इथली नोकरी व्हिसा हातात आल्याशिवाय सोडू नये.

करारावरची सही झालेली प्रत, सगळ्या कागदांच्या स्कॅन प्रती आणि शाळेचा पत्ता घरी एका व्यक्तीजवळ ठेवून निघावे. पगार थकला किंवा करार बदलला तर त्या देशाच्या कामगार खात्याकडे आणि भारत सरकारच्या मदद संकेतस्थळावर तक्रार करता येते, गोवा सरकारचे अनिवासी भारतीय व्यवहार आयुक्तांचे कार्यालयही पाठपुरावा करते. तिन्ही ठिकाणी पहिली मागणी त्या प्रतीचीच होते.

निघण्यापूर्वी बँकेत जाऊन सध्याचे बचत खाते एनआरओ, म्हणजे भारतातील उत्पन्नासाठीचे अनिवासी खाते, करून घ्यावे आणि परदेशातील पगार पाठवण्यासाठी एनआरई हे वेगळे अनिवासी खाते उघडावे. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात 182 दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला तर त्या वर्षी अनिवासी ठरतो. मार्चच्या शेवटी मोपा विमानतळावरून निघणाऱ्या शिक्षकाचे सरते वर्ष निवासी म्हणूनच मोजले जाते आणि 1 एप्रिलपासूनचे नवे वर्ष अनिवासी म्हणून, त्यामुळे पारपत्रावरील प्रस्थानाच्या शिक्क्याची छायाप्रत करविवरणाच्या फाइलीत लावून ठेवावी.